तुम्ही विचारलंत म्हणून: हप्त्यांपायी कुणी खून करतं का?

रहस्यकथा लिहायला घेतलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. नायकाच्या डोक्यावर कर्ज आहे, तेही फोन, फर्निचर आणि सहलींचं. एवढ्यासाठी तो कुणाचा जीव घेईल, हे वाचकाला पटवायचं कसं?

रक्कम वाढवून ते पटत नाही. कर्ज चौपट केलंत तरी वाचक म्हणणार, मग घरी सांगायचं ना, विकून टाकायचं ना सगळं. ऋण काढून सण करणाऱ्याबद्दल आपलं मत आधीच ठरलेलं असतं. पटतं ते लपवाछपवीमुळे. अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्यांच्या मुलाखती घेऊन डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये एक मांडणी केली. विश्वासातला माणूस पैशाला हात लावतो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात: कुणालाच सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, ती गुपचूप सोडवायची संधी, आणि स्वतःची समजूत घालायला एखादं वाक्य. बहुतेकदा ते वाक्य ‘उसने घेतोय, परत ठेवीन’ या जातीचं असतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक माणूस ठरवा, ज्याला नायक हे कधीच सांगू शकणार नाही. ‘समाज काय म्हणेल’ एवढं धूसर उत्तर चालणार नाही. एकच चेहरा हवा: ज्या भावाने त्याला जामीन राहून नोकरी लावून दिली तो भाऊ, किंवा ‘आपल्याला परवडतंय ना?’ असं विचारून ‘हो’ ऐकलेली बायको. ज्याचा खून होतो तो बहुधा सावकार नसतोच. त्या चेहऱ्यापर्यंत बातमी पोहोचवू शकणारी ती व्यक्ती असते. पात्रांची ही जागा नीट बसली, की कर्ज लहान असलं तरी चालतं.

आता आकडे. हे मात्र चोख हवेत, कारण हप्ते भरणारा वाचक ते मनातल्या मनात ताडून पाहतो. समजा, क्रेडिट कार्डावर ३ लाख थकले आहेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान भरणा व्याजासकट एकूण देण्याच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ९ हजार व्याज चढतं, नायक १५,४५० भरतो आणि मुद्दल जेमतेम साडेसहा हजारांनी उतरतं. एकही नवी खरेदी न करता तो दोन वर्षं न चुकता किमान रक्कमच भरत राहिला, तर सुमारे २ लाख ९२ हजार भरून झाल्यावरही १ लाख ७८ हजार शिल्लक राहतात. तो कुठेही बेजबाबदार वागलेला नाही, तरी बुडतो आहे. कथेला हेच हवं असतं. शिवाय थकबाकी पुढे ओढली की सहसा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे घरच्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

वस्तूचं कर्ज ‘सरळ १२ टक्क्यांनी’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावून, दोन वर्षांसाठी घेतलं असेल, तर घटत्या शिलकीवर हिशेब केल्यास तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे नायकाला कळतं तो क्षण लिहिण्याजोगा आहे.

महिनावार तक्ता करा: एकूण देणं, व्याज, भरणा, पैसे कुठून आले, त्या महिन्यात कुणाला काय कळलं. शेवटच्या रकान्यात कथानक आपोआप दिसू लागतं.

सर्वांत जास्त हस्तलिखितं फसतात ती सुखाच्या प्रकरणात. लेखक खरेदी करणाऱ्याची टर उडवतो. असं करू नका. पहिली वस्तू घरात येते तेव्हाचा आनंद खराच असतो. तो पूर्ण ताकदीने, दोन-तीन पानं लिहा. तो ओसरतो कसा, हेही मग लिहिता येतं. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांची तुलना न लागलेल्या २२ जणांशी केली. सुखाच्या मोजणीत विजेते फारसे पुढे नव्हते, आणि रोजच्या साध्या गोष्टींतून त्यांना उलट कमी आनंद मिळत होता. नायकाचं असंच होऊ द्या. नवलाई काही आठवड्यांत विरते, हप्ता मात्र चोवीस महिने चालतो, आणि मधल्या काळात मन पुन्हा तसंच व्हावं म्हणून तो दुसरं काहीतरी घेतो. हाव दाखवायची गरजच उरत नाही.

गुन्ह्याची पहिली पायरी रक्ताची नसावी. नायक वसुली खिडकीवर किंवा हिशेबात असेल, तर याची टोपी त्याला घालणं सगळ्यांत विश्वसनीय. एका ग्राहकाचे पैसे उचलायचे, दुसऱ्याचे आले की पहिल्याच्या खात्यावर दाखवायचे, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. भोक बुजत नाही, नुसतं सरकत राहतं, आणि ते सरकवायला रोज हजर राहावं लागतं. त्यामुळे हा माणूस कधी रजा घेत नाही. बँका कर्मचाऱ्यांना सक्तीने सलग रजा देतात, त्यामागचं एक कारण हेच. तिसऱ्या प्रकरणात साहेब त्याचं कौतुक करतात, ‘चार वर्षांत एक सुट्टी नाही!’ वाचकाच्या डोळ्यांसमोर पुरावा ठेवून झाला, आणि त्याला तो पुरावा वाटलाही नाही. तपास करणाऱ्याला पुढे पावतीवरची तारीख आणि खातेवहीतली तारीख शेजारी ठेवायची आहे. दोन्हींतलं अंतर आधी दोन दिवस, मग पाच, मग अकरा. झटापटीच्या प्रसंगापेक्षा मला ही तारखांची रांग जास्त थरारक वाटते.

वसुलीवाल्याला खुनी करू नका. कर्जदार मेला तर वसुली अवघडच होते, हे रहस्यकथेचा मुरलेला वाचक लगेच ओळखतो. त्याला साक्षीदार करा. त्याच्याकडे प्रत्येक फोनची वेळ, फोन कुणी उचलला, काय सबब सांगितली, घराला कुलूप होतं की नाही, याची नोंद असते. खुनाच्या संध्याकाळी नायक म्हणतो, मी घरीच होतो. आणि सहा वाजून चाळीस मिनिटांच्या भेटीपुढे वसुलीवाल्याने लिहिलेलं असतं: कुलूप.