बारालाचा खिंडीपेक्षा रेल्वेचं पार्सल ऑफिस अवघड : एकट्याने बाईक लेहला नेताना

मनाली-लेह रस्त्याबद्दल विचारणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: ऑक्सिजन, नाले, थंडी. माझा राग अजून पार्सल ऑफिसवर आहे. सुट्टी मोजकी असेल तर महाराष्ट्रातून बाईक रेल्वेने दिल्ली किंवा चंदीगडला टाकून पुढे चालवणं हाच शहाणपणा. पण बुकिंगची सगळी पद्धत दोन माणसं धरून चालते. एकाने बाईकपाशी थांबायचं, दुसऱ्याने खिडक्या फिरायच्या. एकटा माणूस झेरॉक्स आणायला गेला की रांगेतला नंबर जातो आणि रांगेत उभा राहिला की अर्धी पॅक केलेली बाईक उघड्यावर राहते. कुठलं ऑफिस ते सोडा. तिथे प्रत्येक खिडकी शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवत होती आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य दिवसभर पुरत होतं.

आधी हे ठरवा की बाईक ‘लगेज’ म्हणून पाठवायची की ‘पार्सल’ म्हणून. तुमच्याकडे त्याच गाडीचं तिकीट असेल तर लगेज. भाडं जास्त पडतं, पण बाईक तुमच्याबरोबर त्याच गाडीत जाण्याची शक्यता वाढते. पार्सलला तिकीट लागत नाही. जागा मिळेल त्या गाडीत ती चढते, म्हणजे तुम्ही पोचाल आणि बाईक मागेच असेल. एकट्याने जाणाऱ्याने लगेजच करावं. बाईकची वाट बघत परक्या गावात लॉजचं भाडं भरण्यापेक्षा ते स्वस्त.

खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा: ‘या गाडीच्या एसएलआरमध्ये जागा आहे का, की कप्पा लीजवर दिलाय?’ एसएलआर म्हणजे गार्डच्या डब्यातले सामानाचे कप्पे. यातले बरेच कप्पे खासगी ठेकेदारांना भाड्याने दिलेले असतात, आणि ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. फॉर्म भरून, पॅकिंग करून, वजन झाल्यावर कळतं. माझी सगळी चिडचिड इथली आहे. उत्तर मिळेपर्यंत पॅकिंगवाल्याला हात लावू देऊ नका, कारण गोणपाट एकदा शिवलं की बाईक ढकलणंही जड जातं.

गाडी निवडताना दोन्ही टोकं बघा. ती तुमच्या स्टेशनवरून सुटणारी आणि उतरायच्या स्टेशनवर संपणारी असावी. मधल्या दोन मिनिटांच्या थांब्यावर बाईक चढत नाही, आणि चढलीच तर उतरत नाही, पुढे निघून जाते. गाडी बदलून जाणारं बुकिंग तर नकोच.

कागद: आरसी, विमा आणि ओळखपत्र. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, सही करून, घरूनच न्या. मोबाइलमधली आरसी रस्त्यावर पोलिसाला चालते, पण खिडकीवर कागद मागतात. आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा. फॉरवर्डिंग नोट नावाच्या फॉर्मवर इंजिन आणि चेसिस नंबर लागतात. ते आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवा, पॅकिंगनंतर वाकून शोधता येत नाहीत. बाईकची किंमतही जाहीर करावी लागते. पावती, म्हणजे बिल्टी, जिवापाड जपा. उतरवून घेताना मूळ प्रत लागते.

टाकी पूर्ण रिकामी हवी. पेट्रोल सापडलं तर दंड होतो. कार्ब्युरेटरच्या बाईकला कॉकची नळी काढली की काम झालं. फ्युएल इंजेक्शनवाल्या बाईकला तो मार्ग नाही. वरून नळी घालून ओढावं लागतं. उरलेलं जाळायला इंजिन बंद पडेपर्यंत चालवत बसू नका. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, कोरडा फिरला तर खराब होतो. दुसऱ्या टोकाला पेट्रोल भरल्यावर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, लाइनमध्ये दाब येऊ द्या, मग स्टार्टर दाबा. स्टेशनजवळचा पंप नकाशावर आधीच बघून ठेवा. तिथवर ढकलत जायचं आहे, आणि बाटलीत पेट्रोल द्यायला बरेच पंप नकार देतात.

हँडल लॉक करू नका, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. हमाल बाईक ढकलतात आणि लॉक असेल तर ओढतात. आरसे काढून बॅगेत टाका. यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी हे लक्षात असू द्या. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प थोडे सैल करा, म्हणजे बाईक आडवी झाली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. सॅडलबॅग, हेल्मेट, टूलकिट असं काहीही बाईकवर बांधून पाठवू नका. टाकी आणि हेडलाइटवर गोणपाटाखाली जाड फोम सांगून लावून घ्या, नाहीतर पेंढ्यावर भागवतात. पुठ्ठ्याचा टॅग तुटतो. नाव, कुठून कुठे आणि पावती नंबर मार्करने गोणपाटावरही दोन ठिकाणी लिहा.

एवढं पार पडलं की रस्ता सरळ आहे, म्हणजे तसा. अटल बोगद्यातून गेलात तर रोहतांगचा परवाना लागत नाही. पहिला मुक्काम जिस्पाला करा, सरचूला नको. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे, सरचू जवळपास ४,३०० वर, आणि रात्री डोकं दुखायला लागलं तर एकट्याला खाली कोण नेणार? सरचूला झोपून पैसे वाचवण्याचा सल्ला मला आचरटपणा वाटतो.

पेट्रोलचा हिशेब जिस्पाच्या अलीकडे, तांदीला करा. तिथल्या पंपावरचा फलक पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगतो. मैदानात ३५ चा ॲव्हरेज देणारी बाईक चढावर २८ वर आली, तर १३ लिटरच्या टाकीत ३६४ किलोमीटर होतात. पाच लिटरचा कॅन हवाच. लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे, पण त्या भरवशावर कॅन वगळू नका.

नाले सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. एकटे असाल तर आधी काठीने चालत खोली बघा, मग पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल न सोडता, नजर पलीकडच्या काठावर ठेवून जा. मध्ये इंजिन बंद पडलं आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत आलं असेल, तर लगेच स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, फिल्टर बघा.

जादा क्लच केबल जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवा. टेपने तोंडं बंद केली की धूळ जात नाही. ट्यूबचे टायर असतील तर दोन्ही चाकांच्या ट्यूब घ्या. चेनला दर ५०० किलोमीटरला तेल, नाले झाले त्या दिवशी मुक्कामावर पुन्हा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घ्या.

श्रीनगरमार्गे उतरून जम्मूहून बाईक परत पाठवणार असाल तर शेवटच्या टप्प्यात टाकी फुल करू नका. तिथेही ती रिकामीच करून द्यायची आहे.