माळ, वाटी आणि दम

"काकू, एवढा दम लागतो तर अंडं तरी खा की. औषध म्हणून चालतं."

हे मला किती जणांनी ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. जाऊबाईंनी, बँकेतल्या शिपायाने, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने. मागच्या महिन्यात श्वासाच्या व्यायामाच्या वर्गात दोघींनी एकदमच विचारलं, की फुप्फुसं अशी, गळ्यात तुळशीची माळ, त्यात तुम्ही दूधही घेत नाही, मग भागतं कसं? तिथे उत्तर द्यायला श्वास पुरला नसता. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आता बसून लिहिते.

आधी दुखण्याचं सांगते. मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेटला जन्मात हात लावला नाही, पण तीस वर्षं चुलीपुढे बसले. घरात गॅस आल्यावरही भाकरी चुलीवरच व्हायची, कारण सासऱ्यांना गॅसवरची गोड लागायची नाही, आणि अंघोळीचं पाणी बंबात. 2016 च्या वारीत दिवे घाटात दिंडी पुढे निघून गेली आणि मी कडेच्या दगडावर बसून राहिले, तेव्हा पहिल्यांदा खरं काय ते कळलं. मग ती नळीत फुंकायची तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं? मी म्हटलं, चूल.

या आजारात हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. छाती फुगलेलीच राहते आणि तिच्याखालचा पडदा दबून सपाट होतो. नुसता श्वास घ्यायला निरोगी माणसाच्या दहापटीपर्यंत ऊर्जा खर्च होऊ शकते, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. म्हणजे खाटेवर बसल्या बसल्या माझी भांगलण चालू असते. पहिल्या दोन वर्षांत वजन 41 किलोवर आलं, बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. तेव्हापासून अंड्याचा आग्रह सुरू झाला.

पण माझी अडचण वेगळीच होती. मला खायला जागाच नव्हती. पोट भरलं की ते त्या सपाट पडद्याला वर ढकलतं आणि दोन घासांत धाप लागते. आता आपलं माळकरी जेवण आठवा: दोन भाकऱ्या, पालेभाजी, पातळ वरण, भात, वर तांब्याभर पाणी. ताट गच्च, पोट टम्म, आणि अंगी लागणारं त्यात थोडंच. शाकाहाराचा खरा दोष हा आहे, आणि तो मी मान्य करते. पातळ वरण म्हणजे डाळ धुतलेलं पाणी, असं बाईंनी तोंडावर सांगितलं तेव्हा राग आला होता. मग एकदा डाळ मोजून घातली आणि गप्प बसले.

म्हणून ताट गेलं, वाटी आली. दिवसातून सहा वेळा एक वाटी, आणि त्या वाटीत पाण्याला जागा नाही. पाणी जेवणाच्या मधल्या वेळात. वरण इतकं घट्ट की पळी उभी राहावी. सोयाच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक करून कशातही: 30 ग्रॅम सुक्या वड्यांतून 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. माझ्या वजनाला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम लागतात, त्याचा चौथा हिस्सा एका वाटीत आला. शेंगदाण्याचा कूट तर मी मिठासारखा घालते. दळणात आठ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन, पण ते आधी उकडून, उन्हात खडखडीत वाळवून. कच्चं दळलं तर पचत नाही, हे गिरणीवाल्याला मीच शिकवलं.

भाकरी चावतानाही दम लागतो, हे निरोगी माणसाच्या ध्यानात येत नाही. चावायचं, गिळायचं, आणि गिळताना श्वास थांबवायचा. म्हणून मी बाजरीची भाकरी घट्ट मुगाच्या आमटीत कुस्करते, वर कच्चं शेंगदाणा तेल सोडते आणि दहा मिनिटं झाकून ठेवते. आमच्यात त्याला काला म्हणतात. खाण्याआधी पंप घेऊन, गुळणी करून, कफ काढून बसते. एक घास, मग ओठांचा चंबू करून लांब उच्छ्वास, मग दुसरा घास. वाटी संपायला अर्धा तास लागतो. घरचे आता घड्याळ बघत नाहीत.

वायू हा दुसरा वैरी. पावटा, वाल, हरभऱ्याची उसळ आणि कोबी मी सोडले. मूग आणि मटकी रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, मोड आणून, हिंग घालून चालतात. हुलग्याचं माडगं थंडीत बरं वाटतं. दूध सुटलं तेही याच पायी. अँटिबायोटिकचे लागोपाठ दोन कोर्स झाल्यावर कपभर दुधानेही पोट नगाऱ्यासारखं व्हायला लागलं. "बरं झालं, दुधाने कफच होतो" असं सगळे म्हणाले. लेकीने शोधून वाचून दाखवलं: ऑस्ट्रेलियात 1993 साली छापलेल्या एका प्रयोगात काहींना गाईचं दूध दिलं आणि काहींना तसंच लागणारं सोयाचं पेय. घसा चिकट झाल्यासारखा दोघांनाही सारखाच वाटला. तेव्हा पचत असेल त्याने माझं बघून दूध सोडू नये.

दूध नाही म्हटल्यावर बी-12 ची गोळी आलीच. ते झाडपाल्यात मिळत नाही, तिथे भक्ती कामाची नाही. दम वाढला की पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या वारंवार लागल्या की हाडं ठिसूळ होतात, म्हणून नाचणी, तीळ आणि शेवग्याचा पाला. लोणचं-पापड बंद, कारण पाय सुजतात.

एकादशीचं काय, हेही विचारतात. पूर्वी मी निर्जळी करायची. आता त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, आणि दर दोन तासांनी काहीतरी. साबुदाणा नाही, त्यात नुसता स्टार्च. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना हसले, आता तोच माझा कागदावर लिहून दिलेला आहार आहे.

वजन आता 44 आहे. फुप्फुसं होती तशीच आहेत, खाण्याने ती सुधारत नाहीत. फक्त जिना एका दमात नसला तरी दोन दमांत चढते, आणि गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात राहावं लागलं नाही. वजन पुन्हा घसरून 40 च्या खाली गेलं तर? तर माळेचा विचार तेव्हा करीन. आत्ताच शपथ घेत नाही.

एक गोष्ट मात्र अजून जमत नाही, ती म्हणजे फोडणी. लाल मिरची तेलात पडली की माझा घसा आवळतो. त्यामुळे सून आतून ओरडते, "आई, बाहेर!" आणि मी माझी वाटी घेऊन ओट्यावर येते. परवा तशीच बसले होते, तर जाऊबाई आल्या. अंड्याचं निघणार हे ओळखून मी आधीच काल्याची वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोटाने चाखून पाहिलं, जरा वेळ घोळवलं, आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे गं."