घरातल्या बुरशीची तक्रार ते ब्रिटिश संसदेपुढे लेखी साक्ष: माझा अनुभव

लंडनमध्ये आम्ही हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलाच्या खोलीतली बाहेरची भिंत दर हिवाळ्यात ओली व्हायची. कपाट पुढे ओढलं की मागे काळी बुरशी, आणि बोट फिरवलं तर रंगाचे पोपडे हातात यायचे. पाहणीला आलेल्या माणसाने भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावायच्या आधीच विचारलं, स्वयंपाक रोज करता का? कपडे घरात वाळवता का? जानेवारीत दुसरीकडे कुठे वाळवणार? औषध फवारलं, वरून पांढरा रंग मारला आणि गेले. पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

या घरमालक संस्थेकडे तक्रारीचे दोन टप्पे असतात. दोन्हीकडून उत्तर एकच: खिडक्या उघड्या ठेवा. त्यानंतर हाउसिंग ओम्बड्समन, म्हणजे घरमालक संस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. पण तेव्हा एकतर आठ आठवडे थांबावं लागे, नाहीतर खासदार किंवा नगरसेवकामार्फत जावं लागे. (१ ऑक्टोबर २०२२ पासून ही अट गेली.) मी खासदारांचं कार्यालय गाठलं. तिथल्या बाईंनी अर्ज पुढे पाठवलाच, शिवाय सांगितलं की हाउस ऑफ कॉमन्सची गृहनिर्माण समिती सोशल हाउसिंगच्या (आमच्यासारख्या कमी भाड्याच्या घरांच्या) नियमनाची चौकशी करते आहे, तुम्हीही लेखी साक्ष पाठवा.

समिती कुणाची वैयक्तिक तक्रार सोडवत नाही. कायदा कुठे अपुरा पडतो, एवढंच ती पाहते. म्हणून मी घरमालकाला दोष देत बसले नाही. फोन कधी केला, कोण आलं, लेखी काय मिळालं, हे तारखांसकट मांडलं आणि त्यातून दोन मुद्दे काढले. पाहणी आणि दुरुस्ती किती दिवसांत व्हावी याची ठरावीक मुदत कायद्यात नव्हती. आणि भाडेकरूचं गंभीर नुकसान दिसल्याशिवाय अशा घरमालक संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाला अशा प्रकरणात हात घालता येत नव्हता. गंभीर म्हणजे मुलाने किती खोकायचं? नाव प्रसिद्ध करू नका अशी विनंती करता येते, ती मी केली.

क्लाइव्ह बेट्स अध्यक्ष असलेल्या त्या समितीचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. काही घरं माणसाने राहण्याजोगी नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मग नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या अवाब इशाकच्या मृत्यूच्या चौकशीचा निकाल लागला. दोन वर्षांचं पोर, डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीत सतत राहिल्यामुळे, असं कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने) नोंदवलं. कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण चुकीचे समज करून घेतले, हे तिथल्या घरमालक संस्थेने नंतर कबूल केलं. ते वाचून मी सुन्न झाले. आमच्या स्वयंपाकाची चौकशी करण्यामागेही हाच समज होता.

आमच्या प्रकरणात ओम्बड्समनचा निर्णय आमच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, भिंतीचं कामही झालं.

२० जुलै २०२३ ला मंजूर झालेल्या सोशल हाउसिंग कायद्याने गंभीर नुकसानाची ती अट काढून टाकली. त्याच कायद्यातला 'अवाबचा कायदा' इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा मोठा धोका असेल तर २४ तासांत कारवाई. आरोग्याला मोठा धोका होईल अशी ओल किंवा बुरशी असेल तर कामकाजाच्या १० दिवसांत पाहणी, पाहणी संपल्यावर ३ दिवसांत निष्कर्ष लेखी, आणि ५ दिवसांत घर सुरक्षित करणं. हेही दिवस कामकाजाचेच. तक्रार ईमेलवरच करा, घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा, आणि फोनवर कुणी काही कबूल केलं तर तेही लगेच ईमेलने कळवून ठेवा.

इथली बरीच मराठी कुटुंबं खासगी भाड्याच्या घरात आहेत. २०२५ च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टमध्ये हे नियम त्या घरांनाही लावण्याची तरतूद आहे. त्याबद्दल लोकांची मतं मागवली जातील तेव्हा मी पुन्हा लिहिणार आहे, तुम्हीही लिहा.