उलटी माती

उताराच्या पायथ्याशी खणलेल्या चरात आज डोकावलो, तेव्हा खणणारा सहज म्हणाला, "इथली माती उलटी आहे, काळी खाली, पिवळट वर." ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

ती माती कोणी आणून टाकलेली नव्हती. वरचा उतार नांगराखाली आल्यावर पावसाने आधी तिथला काळा, सुपीक थर धुऊन पायथ्याशी आणला आणि तो संपत आला तशी त्याखालची फिकट माती येऊन त्याच्यावर बसली असावी. काळ्या थरात कोळशाचे बारीक कणही दिसत होते. शेतासाठी झाडोरा जाळल्याची ती खूण असू शकते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील प्रॉव्हिडन्स कॅन्यनच्या सुमारे ४५ मीटर खोल घळी एकोणिसाव्या शतकातील निष्काळजी शेतीने पडल्या. आज तेथे राज्य उद्यान आहे आणि पर्यटक रंगीत कड्यांचे कौतुक करतात, ही मला जरा विचित्र गंमत वाटते. ईशान्य फ्रान्समध्ये तर रोमन काळात कसलेल्या आणि नंतर जंगलाने व्यापलेल्या जमिनीत जुन्या वस्त्यांजवळ फॉस्फरस आजही जास्त सापडतो आणि तिथली वनस्पतीही वेगळी आहे.

मग एखाद्या माळाला आपण ‘मुळातच नापीक’ ठरवतो, तेव्हा तिथे पूर्वी काय पिकत होते आणि तिथली माती कुठे गेली, हे कोणी विचारतो का?