दसऱ्यानंतरची खिंडसी

दसरा आटोपला की नागपुरात दुपारचं ऊन पुन्हा चटके देतं, पण रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मासेमारीला जायचं तर हेच दिवस. पाऊस थांबलेला, गढूळ पाणी बसलेलं, तलाव भरलेला. सूर नदी अडवून १९१३ साली तो बांधला, शेतीच्या पाण्यासाठी. आजही आश्विनात धान लोंबीवर आलं की कालव्याला पाणी सुटतं आणि तलाव उतरायला लागतो.

ज्यांच्या डोंग्यातून मी जाते ते काका धिवर, म्हणजे मासेमार समाजातले. अख्खं आयुष्य पाण्यावर गेलंय. जाळं कुठे लावायचं हे ते उतरत्या पाण्यावरून ठरवतात. काठचं गवत उघडं पडलं की मोठा मासा खोलाकडे सरकतो, म्हणून सायंकाळी जाळं गवताच्या कडेला, खोल पाण्याच्या तोंडाशी सोडायचं आणि पहाटे उचलायचं. मी डोंग्यात मधोमध बसते. बॅटरी धरणं आणि पाणी उपसणं एवढंच माझं काम.

जाळं वर यायला लागलं की आधी थर्माकोलचे तुकडे, मग ओला दोरा, मग खालून एकदम जड हिसका. रोहू! त्याचं डोकं जाळ्याच्या आसातून, म्हणजे छिद्रातून पार जातं, अंग अडकतं, आणि मागे फिरायला गेला की दोरा कल्ल्याच्या झाकणाखाली रुततो. मी घाईने हात घातला तसे काका म्हणाले, "ताई, शेपटीले धरून ओढू नका, कल्ला फाटते." त्यांनी अंगठ्याने झाकण दाबलं, दोरा नखाने वर सरकवला आणि मासा पुढच्या बाजूनेच बाहेर काढला. एक खवला निघाला नाही.

काकांचं जाळं चार बोटांचं, म्हणजे आसात चार बोटं सहज जातात. लहान मासा त्यातून निघून जातो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, नद्यांमधूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि मत्स्यबीज केंद्रात बीज तयार करायचा रस्ता खुला झाला. (१० जुलै हा दिवस म्हणूनच मत्स्यशेतकरी दिन.) अशा तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडतात. ती मोठी होण्याआधीच बारीक आसाच्या जाळ्याने उपसून काढणं म्हणजे पेरलेलं बियाणं उकरून खाणं. बाजारात पावपाव किलोचे रोहू ढिगाने मांडलेले दिसले की माझा जीव तुटतो. चुकून अडकलेलं एक पिल्लू काकांनी पाण्यात सोडलं. म्हणाले, "पुढच्या साली हाच दोन किलोचा भेटन."

उन्हं वर आली तसा वारा सुटला. मॉन्सून परतला की तो ईशान्येकडून येतो आणि आम्हाला जायचं होतं नैऋत्येच्या काठाला. काकांनी वल्हं आत घेतलं, दोन बांबू उभे करून त्यांना ताडपत्री बांधली. ती आधी नुसती फडफडली, मग गच्च फुगली, आणि इतका वेळ जड वाटणारा डोंगा आपोआप निघाला. काका वल्ह्याने मागून फक्त दिशा सांभाळत होते. मी इंजिनाच्या बोटीतून हाच तलाव फिरले आहे, पण वाऱ्यावरचा हा वेग काही वेगळाच. डोंग्याखालून पाणी सळसळत जाताना ऐकू येतं आणि हळदीकुंकू बदकं अगदी जवळ जाईपर्यंत उठत नाहीत.

काठावर काकू काटा घेऊन उभ्या होत्या. रोहू गिऱ्हाइकांनी तिथेच उचलले. मी एक कतला घेतला आणि डोकं वेगळं बांधून मागितलं. आईला ते खसखस-खोबऱ्याच्या रश्श्यातच लागतं, आणि तेही त्याच दिवशीचं.