शेपटीतल्या गनरच्या अंगावर पॅराशूट का नसे?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीतला गनर (मशीनगन चालवणारा) निकोलस अल्कमेड याची हकिगत सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेटत्या बॉम्बरमधून त्याने पॅराशूटशिवाय उडी मारली हे ठीक, पण मुळात ते त्याच्या अंगावर का नव्हतं? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

अडचण जागेची. लँकॅस्टर या ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीत एफएन-२० टरेट, म्हणजे तोफांसकट फिरणारी छोटी कोठडी, असे: चार ब्राउनिंग मशीनगन आणि त्यांच्या मधोमध गनर. तिथे पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरे, त्यामुळे विजेवर तापणारा सूट, त्यावर जाड कपडे, ऑक्सिजनचा मास्क. एवढं चढवल्यावर छातीवर पॅराशूटचं गाठोडं मावतच नसे. अंगावर नुसते पट्टे. गाठोडं टरेटच्या मागे, विमानाच्या धडात ठेवलेलं.

उडी मारायची रीत अशी. टरेट सरळ करायचा, पाठीमागची सरकती दारं उघडायची, धडातून गाठोडं ओढून घ्यायचं, छातीवरच्या दोन हुकांना अडकवायचं. मग टरेट पूर्ण आडवा फिरवायचा, म्हणजे तीच दारं मोकळ्या आकाशाकडे येतात, आणि पाठमोरं बाहेर पडायचं.

टरेट हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर फिरे आणि त्याचा पंप डाव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनावर चाले. ते इंजिन गेलं किंवा नळी फुटली की हँडल मारत हाताने फिरवणं आलं. अर्धवट वळून अडकला तर ना धडात शिरता येई, ना बाहेर पडता येई. पूर्ण आडवा अडकला तर वाट मोकळी, पण पॅराशूट आतच! शिवाय फुटलेल्या नळीतलं तेल पेट घेई ते वेगळंच. पुढे १९४४ मध्ये थोड्या लँकॅस्टरना ‘रोज’ नावाचा ऐसपैस टरेट बसवला, त्यातून गनरला पुढूनच बाहेर पडता येई. पण बहुतेकांच्या वाट्याला शेवटपर्यंत जुनाच आला.

२४-२५ मार्च १९४४ च्या रात्री बर्लिनवरच्या हल्ल्यात उत्तरेच्या सोसाट्याच्या वाऱ्याने ताफा पांगला आणि ७२ विमानं गेली. त्यांतलं एक ११५ स्क्वाड्रन या तुकडीचं, अल्कमेडचं. परतताना जर्मन रात्र-लढाऊ विमानाने ते पेटवलं. त्याने दारं उघडली तर धडात जाळ, आणि त्यातच त्याचं पॅराशूट. चेहऱ्यावरचा मास्क वितळू लागला होता. वय २१, उंची सुमारे ५,५०० मीटर. जळून मरण्यापेक्षा पडून मेलेलं बरं म्हणून त्याने टरेट फिरवला आणि मागे झोकून दिलं.

लोक उंचीवर अडकतात. पण हवेच्या अडथळ्यामुळे पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास स्थिर होतो. १,००० मीटरवरून पडा की ५,००० वरून, आपटण्याचा वेग जवळपास तोच. खरा प्रश्न किती अंतरात थांबता याचा. अर्ध्या मीटरात थांबलात तर शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे ३०० पट मारा, सहा मीटरांत थांबलात तर २५ पट. त्याला आधी पाइनच्या फांद्या मिळाल्या, मग खाली भुसभुशीत बर्फ. भाजलं होतं, पाय मुरगळला होता, पण मोठं हाड एकही मोडलं नाही.

पकडल्यावर जर्मनांनी त्याला हेर ठरवलं. पॅराशूट कुठे पुरलंस, हाच धोशा. या संशयातून सुटका केली ती धाग्यांनी. हुकांचे पट्टे छातीपाशी बारीक दोऱ्याने टाचलेले असतात आणि पॅराशूट उघडताच ते टाके तटातट तुटतात. त्याचे शाबूत होते. पुढे विमानाच्या सांगाड्यात त्याच्या पॅराशूटचे जळके अवशेषही सापडले, आणि युद्धकैद्यांच्या छावणीत त्याला तसा लेखी दाखला मिळाला.

विमानातल्या सातांपैकी वैमानिकासह चौघं गेले. अल्कमेड १९४५ मध्ये मायदेशी परतला, लफबरोमध्ये रसायनांच्या कारखान्यात लागला आणि १९८७ मध्ये वारला. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाच्या, सुमारे १,२५,००० वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले, तरी त्यांच्यासाठी वेगळं मोहीम-पदक काढलं नाही. पदकाच्या फितीवर लावायची एक पट्टी मंजूर झाली, तीही २०१३ मध्ये. उशीर म्हणावा तर तोही किती!