आमची वाटचाल : जुन्या कपबश्यांचा धंदा

आमचं दुकान म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. सुरुवातीला पितळी दिवे, घड्याळं, झुंबरं, जे मिळेल ते विकायचो. पुढे ते सगळं काढून टाकलं आणि हाताने रंगवलेल्या पोर्सेलीनच्या जुन्या कपबश्या तेवढ्या ठेवल्या. सांगलीच्या नातेवाइकांनी वेड्यातच काढलं! पण हा माल इथलाच. इथून जवळच, एल्बे नदीच्या काठी माइसन गाव आहे. चिनी पोर्सेलीनच्या तोडीचं कडक पोर्सेलीन करणारा युरोपातला पहिला कारखाना तिथल्या किल्ल्यात १७१० साली सुरू झाला.

गिऱ्हाईक आलं की आधी कप उलटा करतं आणि बुडावरच्या दोन निळ्या तलवारी, म्हणजे माइसनची खूण, शोधतं. आमचं म्हणणं, खूण शेवटी बघा. एकोणिसाव्या शतकात याच ड्रेस्डेनमध्ये हेलेना वोल्फसोन यांच्याकडे रंगवलेल्या मालावर ‘एआर’ (आउगुस्टुस रेक्स, म्हणजे राजा आउगुस्ट) ही माइसनची जुनी राजखूण सर्रास घातली जाई. माइसनने शेवटी त्यांना कोर्टात खेचलं. उलट कधी तलवारी खऱ्या असतात, पण कप कारखान्यातून कोराच बाहेर पडलेला असतो आणि त्यावरचं सोनेरी चिनी चित्र आउग्सबुर्गच्या एखाद्या घरगुती चित्रकाराचं असतं. आम्हाला स्वतःला असे कप जास्त आवडतात.

म्हणून आम्ही चित्रकाराचा हात ओळखायला शिकलो. हेरोल्ट हा चित्रकार १७२० मध्ये व्हिएन्नाहून माइसनला आला आणि त्याने रंगांचा संच वाढवला. आधी चीन-जपानच्या धर्तीची फुलं निघायची, १७४० च्या आसपास इकडचे गुलाब नि ट्युलिप आले. सध्या टेबलावर एक बिनकानाचा चहाचा कप आहे. काठाजवळ एक माशी काढलीय, अगदी एकटी, फुलांपासून लांब. भिंग लावलं की पंखाखाली भट्टीत पडलेला बारीक खड्डा दिसतो. डाग झाकायची ही जुनी युक्ती. पाकळीवर नख फिरवलं की रंगाचा उंचवटा लागतो. काठाचं सोनं जिथे ओठ लागतात तिथे झिजलंय; जुन्या म्हणून आलेल्या कपावर ते सगळीकडे कोरं करकरीत दिसलं की आम्ही सावध होतो.

माल बहुतेक लिलावांतून येतो, काही घरं रिकामी करताना मिळतो. टवका, तडा, सांधलेला कान, जे असेल ते चिठ्ठीवर लिहितो. त्यामुळे विक्री थोडी कमी होते, होऊ दे.

पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं हमखास विचारतात, “यात चहा प्यायचा का?” बशी खोलगट बघून तर त्यांना राहवतच नाही, आणि बशीत ओतून प्यायची रीत इकडेही होतीच. पण झिलईवरच्या (वरच्या काचेसारख्या थरावरच्या) जुन्या रंगांत शिसं असतं आणि सोनं घासलं जातं, म्हणून आमचं उत्तर नाही असंच. प्यायचंच असेल तर कांद्याच्या नक्षीचा साधा निळा-पांढरा कप घ्या. त्यातला निळा रंग झिलईच्या खाली असतो. विसाव्या शतकातले असे कप बेताच्या किमतीत शोधून देतो.